अक्षरांचा पाट आणि अडीच नंबरचा चष्मा

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल रविवारी दुपारी असा भरायचा, की जिन्यात चपलांवर चपला चढायच्या. पुढच्यांना खुर्च्या, मागच्यांना सतरंजी आणि उशिरा येणाऱ्यांना भिंत. आलेले बहुतेक आईबाप. प्रत्येकाच्या मांडीवर, कडेवर किंवा मनगटाला घट्ट धरलेलं एकेक मूल. एक किंचाळत होतं, एक गुणगुणत होतं, एक मुलगी भिंतीला कान लावून उभी होती. बोलत मात्र त्यातलं एकही नव्हतं, आणि त्यासाठीच तर सगळे आले होते.

समोर गादीवर वाचाताई बसलेल्या. मुक्याला वाचा देतात म्हणून लोकांनीच ठेवलेलं हे नाव. मांडीवर एक गुळगुळीत लाकडी पाट, त्यावर रांगेने रंगवलेली अक्षरं, खाली काना-मात्रा. सगळं मांडीवर मावायला हवं म्हणून अक्षरं बारीक. शेजारी वही-पेन घेऊन एक सेविका. मूल मांडीवर यायचं, ताई त्याचं मनगट धरायच्या, एक बोट सरळ करायच्या, आणि ते बोट पाटावर फिरायला लागायचं. एकेका अक्षरावर टेकायचं. सेविका वाचून दाखवायची. तीन-चार वर्षांचं पोर, ज्याने कधी पाणीसुद्धा मागितलं नाही, ते लिहायचं, ‘बाबा, काळजी करू नका.’ आणि बाबा तिथेच हुंदके द्यायचे.

“लेकरं मुकी नसतात हो,” ताई सांगायच्या. “जगाच्या कानात बोळे असतात. ह्यांचा जीव फार वरचा. तोंडाने बोलणं ह्यांना हलकं वाटतं. मी काहीच करत नाही. मी नुसता हात धरते, लिहितं ते लेकरू.”

तोंडाने बोलणं हलकं, असं सांगणाऱ्या ताई स्वतः दोन-दोन तास तोंड मिटत नसत. पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी तिसऱ्या रांगेत चष्मेवाली बसली होती. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढायची म्हणून अख्खी गल्ली तिला चष्मेवाली म्हणायची. नवरा मागच्या खोलीत भिंगं घासायचा. मांडीवर तिचा मुलगा होता, तीन वर्षांचा. झाकण दिसलं की गरगर फिरवायचा, म्हणून आजीने त्याला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं.

भिंगरीला ताईंनी मांडीवर घेतलं. बोट सरळ केलं. बोट हललं, थांबलं, टेकलं.

“आ,” सेविका म्हणाली. बोट पुढे सरकलं. “ई.”

चष्मेवाली हमसून रडायला लागली. तीन वर्षं ती ह्या दोन अक्षरांवर जीव लावून बसली होती. शेजारच्या बायकांनी तिला धरलं. सगळा हॉल डोळे पुसत होता. आणि नेमकं तेव्हाच तिने पाहिलं, की भिंगरी पाटाकडे बघत नाहीये. तो छताच्या पंख्याकडे बघत होता.

दिवसभर लोकांची नजर कुठे जाते तेच बघण्याचा जिचा धंदा, तिला हे दिसलं. दिसलं, आणि तिने ते मनाच्या तळाशी दडपून टाकलं. ‘आई’ हा शब्द हातात आल्यावर त्याचा हिशेब कोणती आई मागेल?

भिंगरी सव्वा वर्षाचा होता तेव्हा तीन शब्द बोलायचा. ‘बाबा’, ‘दे’ आणि ‘गेलं’. दीड वर्षाचा होईपर्यंत तिन्ही गेले. भांडंबिंडं पडल्यासारखा आवाज करून गेले असते तर कुणाच्या ध्यानात तरी आलं असतं. एक-एक करून गेले, आणि कधी गेले तेही कुणाला सांगता येईना. “ह्याचा बाप तरी कुठे बोलत होता पाच वर्षांपर्यंत?” सासूबाई म्हणाल्या. “आता बघ, गिऱ्हाइकांशी कसा पोपटासारखा बोलतो.”

हाक मारली तर तो वळायचा नाही. मागे भिंग घासायचं मशीन सुरू झालं की मात्र कुठूनही धावत यायचा, म्हणजे कान ठीक होते. काही हवं असलं तर बोट दाखवायचा नाही. तिचं मनगट धरायचा, ओढत न्यायचा आणि तिचा हात त्या वस्तूवर ठेवायचा. खण उघडायचा असला की तिचा हात खणावर. पंखा हवा असला की तिचा हात बटणावर. घरात सगळे कौतुकाने म्हणायचे, “राजाला नोकर लागतो.”

दोन वर्षांचा झाला तेव्हा पाळणाघराच्या बाईंनी एक चिठ्ठी दिली. बाई सरळ स्वभावाच्या. चिठ्ठीत चारच ओळी होत्या. हाकेला बघत नाही. बोट दाखवत नाही. काही आणून ‘हे बघ’ करत नाही. मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, लवकर.

‘बघत नाही’ एवढाच शब्द चष्मेवालीच्या डोळ्यांत भरला. ज्याला त्याला आपल्या धंद्यातलं आधी दिसतं. तिने दुकानातच परीक्षा घेतली. पांढऱ्या कागदावर बारीक मणी टाकले, भिंगरीने एकूणएक उचलले. चष्म्याचा खसखशीएवढा स्क्रू खाली पडला, की नवरा-बायको बॅटरी घेऊन शोधत बसायची आणि हा पोरगा येऊन तिचा हात धरून बरोबर त्या स्क्रूवर ठेवायचा. “गरुडाची नजर आहे बेट्याची,” नवरा म्हणाला. दोघं हसली. चिठ्ठी एका रिकाम्या चष्म्याच्या डबीत गेली आणि डबी खणात.

एक गोष्ट तेवढी राहिली. गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची छोटी पट्टी असते. समोरचा सरळ डोळ्यांत बघतो आणि ती मोजते. गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांची अंतरं तिने मोजलेली. आपल्या मुलाचं तिला कधी मोजता आलं नाही. तो तिच्याकडे तेवढा वेळ बघायचाच नाही. तिने ती पट्टी खाली ठेवली आणि म्हणाली, “चंचल आहे.”

पाटावरच्या त्या ‘आई’नंतर वर्षभर दर रविवारी हॉल. ताईंची एकच अट होती. “डॉक्टरबिक्टर मध्ये आणाल तर लेकराचा माझ्याशी जुळलेला धागा तुटेल. मग मला बोल लावू नका.” तेव्हा डॉक्टरचं नाव नको. भिंगरी पाटावर लिहायचा आणि चष्मेवाली ते नंबर लिहायच्या वहीत मागच्या बाजूने उतरवून घ्यायची. ‘आई, तू थकतेस ना.’ ‘आई, मी सगळं समजतो.’ ‘आई, तू माझ्यासाठी रडू नकोस.’ ही वाक्यं ती रात्रंदिवस उराशी धरून होती. घरी तो तिच्याकडे बघत नसला, हाकेला येत नसला तरी तिला आता वाईट वाटायचं नाही. रविवारी तो बोलतोच आहे, असं ती स्वतःला सांगायची.

मग एका रविवारी ताईंच्या चष्म्याचा स्क्रू पडला.

भिंगरी मांडीवर होता. ताईंनी मान वळवली, चष्म्याची एक काडी निखळली, भिंग सुटून गादीवर आलं. ताई थोर बाई, गडबडल्या नाहीत. चष्मा बाजूला ठेवून म्हणाल्या, “लेकराला काय चष्मा लागतो?” आणि बोट पाटावर फिरायला लागलं.

“ठ,” सेविका म्हणाली. “य. ऋ. पुन्हा ठ.” सेविकेने ताईंकडे पाहिलं. ताईंनी पाट जरा लांब धरला, डोळे बारीक केले. “ळ. ण. ळ.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. ताई हसल्या. “आज लेकरू मागच्या जन्मीच्या भाषेत बोलतंय,” त्या म्हणाल्या. सेविकेने तेही लिहून घेतलं.

तेवढ्यात भिंगरीने हिसका देऊन हात सोडवला आणि गादीवरून घसरला. दुसऱ्या रांगेच्या खुर्चीखाली गेला. तिथून उठून थेट आईकडे आला, तिचं मनगट धरलं, ओढत तिला खुर्चीपाशी नेलं आणि तिचा हात खाली टेकवला. बोटाला स्क्रू लागला.

“बघा, सेवा करतंय लेकरू,” सेविका म्हणाली.

चष्मेवालीच्या पर्समध्ये छोटा पेचकस नेहमीच असायचा. तिने तिथेच बसून काडी बसवली, भिंग पुसलं. चष्मा ओळखीचा होता. सहा महिन्यांपूर्वी तिनेच करून दिलेला. जवळचा, नंबर अडीच. अडीच नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय तेवढं बारीक अक्षर दिसत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ताईंनी चष्मा लावला. भिंगरी परत मांडीवर. बोट झरझर फिरलं. “आई, मी दमलो होतो,” सेविकेने वाचलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुकानात ती दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलते आणि विचारते, “हे बरं दिसतं, की आधीचं?” आज तिने तेच पाहिलं होतं. भिंग होतं तेव्हा वाक्यं. भिंग नव्हतं तेव्हा ठ आणि ळ. आणि भिंगरीच्या डोळ्यांना तर कधी भिंग लागलंच नव्हतं.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ भिंगाची कडा पुसत राहिला. मग म्हणाला, “अगं, पण मग ते ‘आई’?”

“तेही,” ती म्हणाली. एवढंच बोलून ती आतल्या खोलीत गेली, आणि त्या दिवशी दुकान पुन्हा उघडलं नाही.

आठवडाभर ती स्वतःशीच भांडली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ही काडी सोडायची तर हातात काय उरणार, हे तिला दिसत होतं. पण भिंगरी चार वर्षांचा झाला होता. तिची काडी त्याला बुडवत होती. पुढच्या रविवारी तो ताईंच्या मांडीवर बसला तेव्हा ती उभी राहिली.

“ताई, एक विचारा त्याला. निघताना मी त्याच्या हातात काय दिलं होतं? जिना चढेपर्यंत तो त्याच्याशीच खेळत होता.”

“असले संसारी प्रश्न विचारू नयेत, बाळ. ही मुलं वरच्या पायरीवर असतात.”

“दर आठवड्याला माझ्या थकव्याबद्दल लिहितो, ताई. तेही संसारीच आहे. विचारा की.”

मागून कुणीतरी म्हणालं, “विचारा ना, काय बिघडतं?” ताईंनी हात धरला. बोट फिरलं. “फूल,” सेविकेने वाचलं.

“बाटलीचं लाल झाकण दिलं होतं,” चष्मेवाली म्हणाली.

बोट पुन्हा फिरायला लागलं, ह्या वेळी भराभर. सेविका वाचताना अडखळली. “‘आई, तू माझी परीक्षा घेतेस? मला खूप दुखतं.’”

हा घाव बरोबर वर्मी बसला. क्षणभर चष्मेवालीला वाटलं, माफी मागावी आणि खाली बसावं. मग तिने मुलाकडे पाहिलं. दुखतंय म्हणून लिहिणारा तिचा मुलगा पंख्याकडे बघत होता आणि पंख्याच्या तालावर हळूहळू डुलत होता.

“ताई, चष्मा काढा,” ती म्हणाली. “लिहितं ते लेकरू म्हणता. मग चष्मा लेकराला लागत नाही. काढून ठेवा आणि एक वाक्य लिहू द्या त्याला.”

ताईंनी चष्मा काढला नाही. श्रद्धा, शंका, धागा, पाप असं बरंच काही त्या बोलल्या. चष्मा मात्र हाताने धरून ठेवला.

पुढच्या रांगेत एक आजोबा नातीला घेऊन बसायचे. नातीने पाटावर लिहिलेल्या कविता ते खिशात घेऊन हिंडत. चष्मेवालीने पाट उचलून त्यांच्यापुढे धरला. “आजोबा, तुम्हाला वाचता येतं. पंख्याकडे बघत बघत ‘आ’वर बोट ठेवून दाखवा.”

आजोबांनी वर बघितलं आणि बोट टेकवलं. ते पाटाबाहेर, त्यांच्याच गुडघ्यावर पडलं. दुसऱ्यांदा पडलं ते रिकाम्या जागेवर. आजोबांनी मग नातीकडे पाहिलं. ती भिंतीला कान लावून उभी होती. पाटाकडे तिने कधीच पाहिलं नव्हतं, हे त्यांनाही आता आठवलं असावं.

“ज्याचा हात धरलाय तो लिहीत नाही,” चष्मेवाली लोकांना म्हणाली. “ज्याने हात धरलाय तो लिहितो. डोळे ताईंचे, बोट आपल्या मुलांचं. ताईंना हे कळतं की नकळत त्यांचा हात ढकलतो, ते त्यांचं त्या बघतील. मुलांना त्याने काही फरक पडत नाही. वर्षभर माझ्या मुलाचं बोट दुसऱ्याच्या तोंडासारखं वापरलं गेलं, आणि मी समोर बसून रडत होते.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघं-तिघं तिच्या अंगावर धावून आले. “आमच्या पोरांचा आवाज काढून घ्यायला तुम्ही कोण?” एकजण म्हणाला. ताई पाट कापडात गुंडाळत होत्या. जिन्यात एक बाई तिला थांबवून म्हणाली, “मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं हो. पण माझ्याकडे तेवढंच होतं.” चष्मेवालीने तिचा हात धरला. दोघी चपला शोधत तशाच उभ्या राहिल्या, कारण दोघींनाही डोळ्यांतल्या पाण्याने चपला दिसत नव्हत्या.

मुलांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी भिंगरीला जमिनीवर खेळू दिलं आणि स्वतःही जमिनीवर बसल्या. मग प्रश्न विचारले. हाकेला वळतो का? आवडलेलं काही तुम्हाला आणून दाखवतो का? विमान दिसलं तर बोट दाखवतो का?

“वर्षभर त्याचं बोट अक्षरांवर फिरत होतं,” चष्मेवाली म्हणाली. “स्वतःहून त्याने एकदाही दाखवलेलं नाही.” तिने डबीतली चिठ्ठी काढून पुढे ठेवली. कागदाला दोन वर्षांत डबीच्या आकाराची घडी पडली होती.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली. मग म्हणाल्या, “ह्याला स्वमग्नता म्हणतात. ऑटिझम. कुणाचा शाप नाही, तुमच्या हातून काही चुकलं म्हणून झालेला नाही. त्याच्या मेंदूची घडणच वेगळी आहे. औषध देऊन ती बदलत नाही, पण त्याला त्याच्या पद्धतीने शिकवता येतं, बोलतंही करता येतं. तोंडाने, चित्रांनी किंवा लिहून. फक्त लिहील तेव्हा हात कुणी धरायचा नाही.”

“ही चिठ्ठी आली तेव्हाच आणलं असतं तर?”

“शिकवणं दोन वर्षं आधी सुरू झालं असतं. त्याने किती फरक पडला असता, ते मला सांगता येणार नाही. पण पडला असता.”

खोटा दिलासा नाही, ह्याबद्दल चष्मेवालीने मनातून त्यांचे आभार मानले. आणि मग ती बाहेरच्या बाकावर बसून अशी रडली, की नवऱ्याला भिंगरीला घेऊन आवारात फेऱ्या माराव्या लागल्या.

घरी तिने ती वही काढली. मागच्या बाजूने वर्षभराची वाक्यं. तिने पहिल्या पानापासून वाचली. थकलेल्या आईला धीर देणारी, क्षमा करणारी, समजूत घालणारी. आपल्याला जे ऐकायचं होतं तेच सगळं ह्यात आहे, हे तिला पानोपानी कळत गेलं. ज्याचा जीव पंख्यात, झाकणात आणि मशीनच्या आवाजात, त्या मुलाने वर्षभरात एकदाही पंख्याचं नाव काढलं नव्हतं. त्या वहीत तिचा मुलगा कुठेच नव्हता. आणि खरा मुलगा वर्षभर घरात तिचं मनगट ओढत होता. ते त्याचं बोलणं होतं, आणि राजाला नोकर लागतो म्हणून सगळे हसले होते.

ह्याला आता पाच महिने झाले. ताई ह्या भागातून गेल्या. दुसऱ्या कुठल्या हॉलमध्ये पाट मांडला असेलच. आजोबा नातीला डॉक्टरीणबाईंकडे नेतात. कविता अजून खिशात असतात, असं ऐकलं.

परवा दुकानात एक तरुण बाई आली. कडेवर दीड वर्षाची मुलगी. “हिची नजर तपासता का? हाक मारली तरी बघत नाही. आई म्हणते, नजरेचंच असेल.”

चष्मेवालीने कागदावर मणी टाकले. मुलीने एकूणएक उचलले.

“नजर छान आहे,” ती म्हणाली. “म्हणूनच आता मुलांच्या डॉक्टरांकडे जा. हाकेला वळत नाही, बोट दाखवत नाही, आणून दाखवत नाही, आलेले शब्द गेले, ह्यातलं काहीही असलं तरी जा. लोक म्हणतील, उशिरा बोलेल. बोलेलही. तपासून घ्या. काही नसलं तर घरी येऊन हसा, कुणी अडवत नाही. पण वाट बघत बसू नका. आणि कुणी हिचा हात धरून हिच्या नावाने गोड गोड बोलायला लागलं, तर त्याला आधी चष्मा काढायला सांगा.”

बाईला शेवटचं नीटसं कळलं नाही. तिने काउंटरखाली बसलेल्या भिंगरीकडे पाहिलं. “तुमचा बोलतो?”

“नाही,” चष्मेवाली म्हणाली. “त्याने मला कधी आई म्हटलेलं नाही.” हे ती पहिल्यांदाच कुणापुढे बोलली होती.

बाई गेल्यावर भिंगरी उठला. त्याने तिचं मनगट धरलं, बटणाकडे ओढलं आणि मध्येच सोडलं. खणापाशी गेला. हवं असेल त्याचं चित्र हातात द्यायचं, म्हणून डॉक्टरीणबाईंकडे शिकवलेली कार्डं तिथे होती, आणि तीन महिने तो ती नुसती फिरवत होता. आज त्याने एक कार्ड काढलं आणि तिच्या तळहातावर दाबलं. तिच्याकडे बघितलं नाही. कार्डावर पंखा होता.

तिने त्याच्या मागे पाहिलं. त्याचा हात कुणी धरला नव्हता.

“पंखा,” ती म्हणाली, आणि तिने बटण दाबलं. मग वही उघडली, मागची पानं सोडून कोरं पान काढलं, तारीख घातली आणि तो एकच शब्द लिहिला.